वऱ्हाडच्या जिनांतील सावधगिरीची विद्या

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की वऱ्हाडचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा तीपासूनच आरंभ करतो आणि कापसाच्या गाठी मोजीत मोजीत तीपाशीच परत येतो. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांस दक्षिणेकडील कापूस मिळेनासा झाला, आणि निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या हाती आलेल्या ह्या काळ्या मातीकडे साऱ्या जगाचे डोळे लागले. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये लॉर्ड मेयो ह्यांनी खामगावच्या फाट्याचे उद्‌घाटन केले. अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसास ‘उमरा’ हे व्यापारी नाव पडले आणि ते लिव्हरपूलपासून जपानपर्यंतच्या आडत्यांच्या तोंडी बसले. हा सर्व वृत्तांत अनेकांनी सांगितलेला आहे व तो खोटाही नाही. परंतु शेतातला कापूस आणि आगगाडीतली गाठ ह्यांच्यामध्ये जी एक इमारत उभी आहे, तिच्या आत डोकावण्याची तसदी ह्या वृत्तांतकारांनी फारशी घेतलेली दिसत नाही. ती इमारत म्हणजे जिन.

जुन्या काळी सरकी आणि रुई वेगळी करण्याचे काम घरोघर रेच्यावर होत असे. दोन लाटांमधून कापूस ओढला जाई, सरकी मागे राही, आणि फार तर बोट चिमटे. वाफेचे जिन आले तेव्हा ह्या घरगुती कामाचे रूप पालटले. वऱ्हाडात रुळले ते बहुतांशी मॅकार्थीच्या पद्धतीचे जिन. १८४० साली अमेरिकेत पेटंट झालेल्या ह्या यंत्रात चामडे गुंडाळलेली एक लाट फिरते, तिला भिडून एक पाते स्थिर असते व दुसरे वरखाली होत राहते; लाटेने रुई ओढली की हलत्या पात्याच्या ठोक्याने सरकी खाली पडते. इंग्लंडातील ओल्डहॅम गावच्या प्लॅट बंधूंनी ही यंत्रे शेकड्यांनी हिंदुस्थानात धाडली. ती आली तशी त्यांच्याबरोबर इंग्रजी माहितीपुस्तकेही आली. जिनापुढे मात्र बसली ती शेतातून आलेली रेजा, नऊवारी लुगडे नेसलेली, कडेचे मूल कोठेतरी रुईच्या ढिगाजवळ निजवून आलेली.

ह्या कारखान्यांची रचना जरा समजावून घेतली पाहिजे, कारण पुढील सगळे कथन तिच्यावर अवलंबून आहे. एका लांबट दालनात उंच ओट्यावर जिनांच्या रांगा मांडलेल्या असत. प्रत्येक जिनास स्वतःचे इंजिन देणे परवडणारे नसल्यामुळे एकाच इंजिनाने फिरणारा एक लांब लोखंडी दांडा, ज्याला कारखान्यात शाफ्ट म्हणतात, ह्या ओट्याखालून दालनाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, आणि त्याच्यावरील चाकांवरून निघालेले चामडी पट्टे वर येऊन एकेक जिन फिरवीत. ओट्याखालची शाफ्टची ती जागा म्हणजे एक अंधारी, रुईच्या तुसाने भरलेली, बुटकी गल्ली. सरकी तेथे सांडे, रुई तेथे साचे, पट्टा तेथे निसटे. झाडावयास, तेल घालावयास, सांडलेला माल गोळा करावयास कोणीतरी आत शिरावे लागे. आणि इंजिन थांबविणे म्हणजे वरच्या सर्व रांगा थांबविणे असल्यामुळे ते बहुधा चालूच राही. फिरणारा शाफ्ट दिसावयास अगदी निरुपद्रवी असतो. दात नाहीत, धार नाही. नुसती एक गुळगुळीत काठी आपल्याशीच फिरत असते. परंतु तिला पदराचे टोक, धोतराचा सोगा किंवा मोकळा केस लागला की ती ते सूत गुंडाळावे तसे गुंडाळू लागते, आणि पाठोपाठ मनुष्यही ओढला जातो. हाक ऐकून इंजिनवाल्याने वाफ बंद करीपर्यंत सर्व संपलेले असे.

आता ही गोष्ट कळावयास मोठी विद्वत्ता लागत नाही. ज्या मिस्त्रीने एक असा प्रसंग पाहिला त्याला ती जन्मभराची कळली. प्रश्न असा की, अमरावतीच्या जिनातील मिस्त्रीला कळलेली गोष्ट अकोल्याच्या जिनातील मिस्त्रीला कशी कळावी? आणि त्याला कळली तरी दिवाळीनंतर प्रथमच जिनात पाऊल टाकणाऱ्या रेजेला ती कोणी सांगावी? सावधगिरी हीही एक विद्या आहे, आणि विद्येला परंपरा लागते. गुरू, शिष्य व काही लिहिलेला, हातोहात फिरणारा पाठ लागतो. सुताराची विद्या बापाकडून मुलाकडे जाते, वैद्याची पोथीत राहते. जिनाची विद्या राहावयास घर नव्हते, कारण जिन हा चार-सहा महिन्यांचा कारखाना. कापूस आला की भोंगा वाजावा, उन्हाळ्यात भोंगा बंद व्हावा, आणि माणसे पुन्हा नांगराकडे व निंदणाकडे परत जावीत. पुढल्या हंगामास त्यांपैकी कोण परत येईल ह्याचा नेम नसे. मिस्त्री, फिटर व इंजिनवाला तेवढे त्यातल्या त्यात कायमचे. जे काही शहाणपण साठले ते त्यांच्यापाशी, आणि तेही तोंडी.

सरकारने काय केले? हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ साली झाला. त्यात धोक्याच्या यंत्रास कठडा घालण्याचे कलम होते, आणि सात वर्षांखालील मुलास कामावर ठेवू नये असेही होते. परंतु तो शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांसच लागू होता, आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. शिवाय वऱ्हाड हा निजामाकडून घेतलेला मुलूख. तो कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे तेथे प्रत्येक कायदा वेगळ्या अधिसूचनेने न्यावा लागे. शेजारच्या खानदेशात काय चालले होते ते मुंबई इलाख्यातील १८८० नंतरच्या चौकश्यांत नमूद आहे: पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, आणि गर्दीच्या दिवसांत तीच माणसे, बायकांसुद्धा, रात्रंदिवस सलग जिनापुढे. झोपेने डोळे मिटणाऱ्या बाईला सावधगिरीचा कोणता पाठ देणार? १८९१ च्या कायद्याने माणसांची संख्या शंभरावरून पन्नासावर आणली व बायकांचे तास अकरा ठरविले. हंगामी कारखाने पुरतेपणी कायद्याच्या कक्षेत आले ते मात्र १९११ साली. म्हणजे वऱ्हाडात कापसाचा पूर आल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे गेल्यावर.

ह्याच पन्नास वर्षांत कापसाची काळजी मात्र किती बारकाईने घेतली गेली ते पाहण्यासारखे आहे. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. नियंत्रित बाजाराचा हिंदुस्थानातील हा पहिलाच कायदा, आणि त्याबद्दल वऱ्हाडकरांस अभिमान वाटतो तो योग्यच आहे. पुढे १९१७ साली नेमलेल्या कापूस समितीने देशभर हिंडून भेसळीची चौकशी केली, १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, १९२४ मध्ये माटुंग्यास तिची प्रयोगशाळा निघाली, आणि १९२५ साली जिन-प्रेसांचा स्वतंत्र कायदा संमत झाला. ह्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक उमटवावा लागे, म्हणजे गाठ ओसाकाला उघडली तरी तीत ओली रुई कोणी भरली ते सांगता यावे. कच्च्या कापसाची व रुईची वाट वेगळी असावी असाही दंडक त्यात होता. रुईमध्ये सरकी मिसळू नये म्हणून इमारतीची रचना कायद्याने सांगितली. त्या रचनेच्या पोटातील अंधाऱ्या गल्लीबद्दल त्या कायद्याला काही म्हणावयाचे नव्हते. तो विषय दुसऱ्या खात्याचा! खात्यांची ही वाटणी सोयीची असेल. पण गाठीला अनुक्रमांक मिळाला आणि गाठ बांधणाऱ्याला हजेरीवहीत पुरते नावही मिळाले नाही, हे पाहून मनाला चटका बसतो.

आगीची गोष्ट ह्याहून थोडी निराळी आहे. कापसात लोखंडाचा एखादा तुकडा वा दगड आला आणि तो यंत्राच्या पोलादावर आपटला की ठिणगी पडते. रुई ती ठिणगी पोटात घेऊन बसते. दाबून बांधलेल्या गाठीत शिरलेला विस्तव कित्येक दिवस धुमसत राहून एखाद्या डब्यात किंवा जहाजाच्या तळघरात प्रकट होतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर जो अनर्थ झाला त्याचा आरंभ कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठींतील आगीनेच झाला होता. खाली कापूस आणि वर स्फोटके, ही भरणी धोक्याची हे बंदरावरील जाणत्यांस ठाऊक नव्हते असे नाही. ते ठाऊक असणे आणि क्रेनवरच्या माणसापर्यंत पोहोचणे ह्यांत अंतर राहिले. असो. जिनांपुरते बोलावयाचे तर आगीपासून संरक्षणाचे नियम मालकांमध्ये पुष्कळ लवकर पसरले, कारण आगीचा विमा होता आणि विम्याच्या हप्त्यास नियमांची पुस्तके जोडलेली होती. गंजी कोठे रचावी, इंजिनघर किती दूर असावे, पाणी कोठे भरून ठेवावे, हे एका कारखान्याचे दुसऱ्याने पाहून केले. हाताला तसला विमा नव्हता.

तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने काहीसा आला; १ जुलै १९२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचे वेतन किंवा अडीच हजार रुपये, ह्यांपैकी जे कमी असेल ते. अल्पवयी मुलाबद्दल दोनशे रुपये. महिना दहा रुपये मिळविणाऱ्या बाईचे तीनशे झाले. रक्कम लहान खरी, तथापि अपघाताला पहिल्यांदाच किंमत पडली. तिचा एक परिणाम मात्र उलटा झाला असावा असे मला वाटते. अपघात सांगणे म्हणजे आता दायित्व कबूल करणे झाले. आणि जी गोष्ट कबूल करावयाची नाही तिच्यापासून शेजाऱ्याने काही शिकावे ही अपेक्षा व्यर्थ. झालेला अपघात कुंपणाबाहेर जाऊ द्यावयाचा नाही, ही वृत्ती कोणत्याही एका मालकाची नव्हे. ती त्या व्यवस्थेतूनच उपजते.

आणि तरीही वऱ्हाडातील जिनमालक एकमेकांशी बोलत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांचे ‘पूल’ प्रसिद्ध होते. गावातील कारखानदारांनी एकत्र यावयाचे, सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे दर ठरवावयाचे, काही कारखाने बंद ठेवून त्यांसही नफ्यातला वाटा द्यावयाचा, असा हा व्यवहार. सरकारी समित्यांनी त्याची दखल घेतलेली आहे. म्हणजे परस्परांस माहिती देण्याची सोय होती, विश्वास होता, हिशेबही चोख होता. ज्या बैठकीत दर ठरला त्या बैठकीत शाफ्टच्या कठड्याचा नकाशा ह्या हातातून त्या हातात का जाऊ नये, ह्यास ‘तसे कोणाच्या मनात आले नाही’ ह्याहून मोठे कारण बहुधा नसावे.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडात १८४४ च्या कायद्याने यंत्रांस कठडे सक्तीचे केले, आणि उंचावरील शाफ्टला कठडा घालावयास लावतील ह्या भीतीने १८५५ साली गिरणीमालकांनी एक राष्ट्रीय संघ काढला. कठडे वाढविण्यासाठी नव्हे, तर त्यांचा प्रतिकार करण्यासाठी! डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून त्या संघाची अशी काही टर उडविली की ती अजून इतिहासकारांच्या लक्षात आहे. ह्याच्या नेमके उलट उदाहरण अल्सास प्रांतातील म्युलूझ येथे घडले. १८६७ मध्ये एंगेल-डोलफूस नावाच्या कापड कारखानदाराने तेथील मालकांचा यंत्रांचे अपघात टाळण्यासाठी एक संघ काढला. संघाने स्वतःचा निरीक्षक नेमला. तो सभासदांच्या कारखान्यांत फिरे, एकाने बसविलेली युक्ती दुसऱ्याला दाखवी, आणि १८८९ साली ह्या सर्व युक्त्यांचा रेखाकृतींसह संग्रह फ्रेंच, जर्मन व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापला गेला. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या माणसांनी हे केले, हे ध्यानात ठेवावे. उमरा कापसाचे मोठे गिऱ्हाईक युरोप खंडातच होते. त्या तीन भाषांत मराठी नव्हती, ह्याचा दोष मात्र म्युलूझकरांस देता येणार नाही.

मराठीत अशी सोय करणे अशक्य होते काय? मुळीच नाही. नागपूरहून १९१९ साली ‘उद्यम’ मासिक निघाले, शेती व धंदे ह्यांची माहिती मराठीतून द्यावी ह्या हेतूने. आणि १९२० च्या जानेवारीत शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, ती तर मुळात एका कारखान्याची आपल्या माणसांशी व गिऱ्हाइकांशी चाललेली बातचीतच होती. नांगराचा फाळ कसा बदलावा हे मराठी वाचकाने छापील पानावरून शिकून घेतले. मग पट्टा चढविण्यापूर्वी इंजिन बंद करावे, हे पान कोणी कोणासाठी छापावे? ज्याला ते वाचता येत होते तो ओट्याखाली शिरत नव्हता, आणि जी ओट्याखाली शिरत होती तिला वाचता येत नव्हते. मधला दुवा होता तो मिस्त्री. अर्धशिक्षित, हाताने हुशार, दोन्ही भाषा बोलणारा. त्याला कोणी लेखकही समजले नाही आणि शिक्षकही समजले नाही.

१९३१ साली व्हिटली आयोगाने आपला वृत्तांत सादर केला. त्यावरून १९३४ चा कायदा झाला आणि त्यात हंगामी कारखान्यांचा वर्ग पुन्हा वेगळा पाडला गेला: बारमाही कारखान्यात आठवड्यास चौपन्न तास, हंगामी कारखान्यात साठ. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने हा भेद मोडला. त्या कायद्यातील काही कलमे वाचताना मला जिनातील ती गल्ली पुन्हा दिसू लागते. चालू यंत्राजवळ जाणारा मनुष्य प्रौढ पुरुष असावा, त्याला त्या कामाचे खास शिक्षण मिळालेले असावे, आणि त्याच्या अंगात घट्ट बसणारे कपडे असावेत व ते मालकाने द्यावेत. बायकामुलांनी चालू यंत्र पुसू नये, त्याला तेल घालू नये. कापूस फोडणारे यंत्र चालू असेल तेथे गाठी दाबण्याच्या कारखान्यात बायकामुलांस ठेवू नये. धोक्याच्या यंत्रावर पोरसवदा कामगारास ठेवण्यापूर्वी त्या यंत्राचा धोका त्याला पुरता समजावून सांगावा. आणि कायद्याचा गोषवारा इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांच्या भाषेत दारापाशी लावावा. घट्ट कपड्यांची ही अट कोणा विद्वानास एकांतात सुचलेली नाही. प्रत्येक शब्दामागे कोणाचे तरी लुगडे, कोणाचा तरी सोगा गुंडाळला गेलेला आहे.

पण ह्यानंतरही शिक्षणाचा प्रश्न मोठ्यांच्या सोयीने सुटला. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि भित्तिपत्रके, वर्ग व पुस्तिका ह्यांची देवघेव मोठ्या कारखान्यांत सुरू झाली. १९७६ च्या दुरुस्तीने सुरक्षा अधिकारी सक्तीचा झाला, पण मुख्यतः हजार कामगार असलेल्या कारखान्यास. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये सुरक्षेची माहिती व शिक्षण हा कामगाराचा हक्क ठरला. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या जिनात हजार माणसे कोठून असणार? चाळीस-पन्नास असली तर पुष्कळ. २०२० ची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात येऊन १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला. तिने सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवर खाली आणली खरी. पण यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ‘कारखान्या’ची व्याख्या दहा माणसांवरून वीसवर नेली.

दरम्यान ती गल्ली स्वतःच नाहीशी होऊ लागली होती. विजेची मोटार स्वस्त झाली, प्रत्येक जिनास आपली मोटार मिळाली, दुहेरी लाटांची यंत्रे आली, आणि २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जुन्या जिनांची पुनर्रचना होऊन कापूस माणसाच्या डोक्यावरून जाण्याऐवजी वाहक पट्ट्यावरून जाऊ लागला. ह्या अभियानाचा हेतू रुई स्वच्छ राहावी हाच होता. शाफ्ट गेला तो असा, कोणी धडा शिकल्यामुळे नव्हे, तर रुईत कचरा नको म्हणून! नागपूरला जिनचालकांच्या शिक्षणाचे केंद्रही आहे, आणि जे मिस्त्री पूर्वी एकमेकांस फक्त लग्नकार्यात भेटत ते आता तेथे एका बाकावर बसतात. हे एक फार चांगले झाले. धूळ मात्र आहे तीच आहे. रुईच्या तुसाने छाती भरून येण्याचा रोग इंग्लंडात गिरणीकामगारांचा म्हणून ओळखला गेला. आपल्याकडे त्याला बहुधा दमा म्हणून सोडून देतात.

आणि कापसाचा धोका जिनातून उठला तो शेतात जाऊन बसला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले, शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतही बाधा झालेली माणसे निघाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्यावर वाढली होती, वारा पडलेला, उकाडा असह्य, आणि दोन-तीन औषधे एकत्र करून जोरकस पंपाने मारली जात होती. फवारा वर जाऊन परत तोंडावर येई. १९६८ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, तांबडा सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि आत घडी घातलेले माहितीपत्रक असते, इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषांत. म्हणजे म्युलूझकरांनी जे केले नव्हते तेही येथे झालेले आहे. मराठी त्यात आहे. परंतु डबा विकत घेतो मालक. पत्रक डब्याबरोबर त्याच्या ओसरीवर राहते. पाठीला पंप बांधून तासात उतरतो तो रोजाचा गडी, आणि तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच औषधाचा पंप पाठीवर घेऊन उभा असतो.